बूटवाल्या मावशींची वेबसाइट

त्या आठवड्यात बूटवाल्या मावशींचा पाय एका जागी ठरत नव्हता. चामडं चिकटवायला घ्यायचं, अर्ध्यात सोडायचं आणि फोन उचलायचा. वेबसाइट सुरू होऊन बारा दिवस झाले होते. तीनशे जणांनी ती उघडून पाहिली होती, पण फोन एकाचाही नाही.

मावशी साधे बूट शिवत नसत. एक पाय आखूड, टाच वाकडी, बोटं गेलेली, अशा पायांचं माप घेऊन त्या बूट बनवत. काम वडलांकडून शिकलेलं. वीस वर्षं हाडांचे एक डॉक्टर पेशंट पाठवायचे. ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या मजल्यावरचं दुकान लोकांना माहीतच होईना. म्हणून भाचीनं हौसेनं वेबसाइट करून दिली. उघडली की समुद्रकाठी धावणारे गोरेपान पाय, वर मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक पावलाला पंख’, आणि मागे संगीत. मावशी म्हणाल्या, "छान आहे गं," पण मनात काहीतरी खुटखुटत राहिलं.

तेराव्या दिवशी एक माणूस आठ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन धापा टाकत वर आला. तिचा डावा पाय दोन बोटं आखूड होता.

"वेबसाइट बघितली होती," तो म्हणाला. "वाटलं, खेळाडूंचे बूट विकता. खाली औषधाच्या दुकानात विचारलं तेव्हा कळलं. सोमवारी पण येऊन गेलो. कुलूप होतं."

"अहो, सोमवारी सुट्टी असते. फोन करायचा की!"

"नंबर सापडला असता तर केला असता ना."

"म्हणजे दोन जिने हिला उचलून चढलात?"

"आणि उतरलोसुद्धा," तो हसून म्हणाला. मावशींना हसू आलं नाही. मुलीला खुर्चीत बसवून त्यांनी माप घेतलं.

संध्याकाळी त्या तडक भाचीकडे गेल्या आणि समुद्र काढून फोन नंबर, पत्ता, वेळ ठळक लिहायला सांगितलं. भाची फुरंगटली. "मावशी, तू म्हणतेस तसं केलं तर ती पत्र्याच्या पाटीसारखी दिसेल!"

"मग दिसू दे. पाटी वाचून माणूस दुकानात तरी पोचतो. तू चार दिवस माझ्याकडे येऊन बस, मग बोल."

भाची आली, तोंड फुगवूनच. पण येणारं प्रत्येक माणूस काय विचारतं ते तिनं बुटाच्या खोक्यावर लिहून काढलं. दुकान कधी उघडं? लिफ्ट आहे का? किती दिवस लागतील? चौथ्या दिवशी तिनं समुद्र आणि संगीत काढून टाकलं. सगळ्यात वर फोन नंबर आला, त्याखाली पत्ता, वेळ, सोमवारची सुट्टी. आणि मावशींच्या हट्टानं एक वाक्य: ‘लिफ्ट नाही. जिना जमत नसेल तर खालून फोन करा, मी माप घ्यायला खाली येते.’

बूट न्यायला ते बापलेक आले तेव्हा भाचीनं त्याला त्याच्याच फोनवर नवी वेबसाइट उघडायला लावली आणि ओठ घट्ट मिटून मागे उभी राहिली. नंबर त्याला लगेच दिसला. मुलगी मात्र वाकून शोधत होती.

"बूट कुठंय?" ती म्हणाली. "तो विचित्र दिसतो का, ते कळायला नको?"

मावशी आणि भाचीनं एकमेकींकडे पाहिलं. हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मुलीला विचारून तिच्या नव्या लाल बुटांचा फोटो तिथल्या तिथे काढला.

महिन्याभरात नऊ नवी माणसं आली. जिना चढून-उतरून मावशींचे गुडघे बोलायला लागले. आणि एका दुपारी लांबच्या गावाहून एका बाईंचा फोन आला. नवऱ्याला प्रवास झेपत नव्हता. कागदावर पाय ठेवून रेघ मारून पाठवली तर चालेल का?

"नुसत्या रेघेवरून टाचेची उंची कशी कळणार?" मावशी म्हणाल्या. मग घाईनं, "थांबा, ठेवू नका फोन. मी काहीतरी काढते शोधून. उद्या सांगते."

फोन ठेवून त्यांनी चप्पल काढली, जुन्या वर्तमानपत्रावर स्वतःचा पाय ठेवला आणि पेन्सिल शोधू लागल्या.