पाच नवरे आणि एक क्लॅरिनेट

"लग्न एकच हाय मास्तर. मांडव एक, आचारी एक, भटजी एक. नवरे तेवढे पाच हायती," सरपंच आप्पा शांतपणे म्हणाले.

औशाजवळच्या त्यांच्या गावात, मांडवाच्या दारात आम्ही उभे होतो. मी लातूरचा बँडमास्तर. पाठीमागे माझी दहा माणसं, लाल ड्रेसात, उन्हात शिजत. सुपारी, म्हणजे आमच्या धंद्यातलं बुकिंग, मी एका लग्नाची घेतली होती.

"आणि रेट?"

"लग्न एक, रेट एक. टँकर बी एकच आलाय. पाच येळा पंगत उठवाया पानी कुठलं आणू?"

दुष्काळ खरा होता. पण आमचा रेटही चार वर्षं जागचा हलला नव्हता. लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही चौकात फुकट वाजवलं होतं. मला वाटलं, आता साहेबलोक येतील, लग्नं वाढतील, रेट वाढेल. साहेबलोक आले. सगळे लग्न करून आलेले.

तेवढ्यात गफूरचाचा कानाशी आले. ते आमचे क्लॅरिनेटवाले. गाणं ते वाजवतात, बाकीचे आम्ही नुसता आवाज.

"मास्तर, रोजगार हमीवर खडी फोडली तरी इतकंच भेटायलंय. तिथं फुंकावं बी लागत न्हाई. आज वाढवून घ्या, न्हाईतर सोमवारपासून मी तिकडं."

चाचा गेले की सगळे जाणार. क्लॅरिनेट गेल्यावर बँड राहत नाही, मोर्चा राहतो.

आमच्याकडे लग्नाआधी नवरा वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो. त्याला परण्या म्हणतात. मुहूर्त एकच, त्यामुळे पाचही नवरे एकाच वेळी निघणार होते. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "आप्पा, एका रेटात एक बँड. तो पाचांत सारखा वाटतो. नवऱ्यामागं दोन माणसं."

"वाटा की," आप्पा खुशीत म्हणाले.

वाटले. पहिल्याला चाचा आणि एक ताशा. दुसऱ्याला दोन ट्रम्पेट. तिसऱ्याला मोठा ढोल आणि झांजा. चौथ्याला दोन ताशे. पाचव्याला दोन खुळखुळे.

पन्नास पावलांवर पाचव्याचा मामा पळत आला. "मास्तर, आमचा नवरा काय तान्हा हाय? निस्ते खुळखुळे?"

"वाट्याला आलं ते, मामा. आप्पांशी बोला."

चौथ्याचा भाऊ आला. "क्लॅरिनेट त्यांनाच का? त्यांचा नवरा सोन्याचा हाय का?"

मग तिसरा नवरा मुंडावळ्या बाजूला सारत स्वतःच आला. "मास्तर, मागं निस्ता ढोल. दवंडी निघाल्यावानी वाटायलंय."

मी प्रत्येकाला अदबीनं आप्पांकडे पाठवलं. थोड्या वेळानं आप्पाच आले, पटका सुटलेला.

"किती वाढवायचं ते बोला, पण बँड गोळा करा."

"दीडपट."

"सव्वा."

"सव्वा. आणि पाचही नवरे खांद्याला खांदा लावून एका रांगेत चालतील."

पाच घरांत वाटल्यावर वाढ एकेकाला जाणवलीही नाही. गल्ली मात्र अरुंद निघाली. कडेचे दोन नवरे भिंतींना घासत मारुतीपर्यंत गेले, पण तक्रार एकाचीही नव्हती. चाचांनी असं वाजवलं की भटजीसुद्धा पाय आपटत होते.

सोमवारी चाचा तालमीला आले. नवा रेट पुढे टिकला.

चार वर्षं मी चांगलं वाजवून वाढ मागितली, मिळाली नाही. पाव तास वाईट वाजवलं आणि मिळाली.