मानाचा नारळ

कोंडीरामच्या सासरचा येडेश्वरी देवीला जाणारा नारळ थोरल्या जावयानं, म्हणजे कोंडीरामनं फोडायचा, अशी रीत. यंदा चैत्रात येरमाळ्याला देवीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर कोंडीरामच्या छातीचे ठोके मध्येच धावू, मध्येच अडखळू लागले. तो मटकन बसला. मथुराबाईनं नवऱ्याच्या हातातला नारळ काढून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, वैजनाथला दिला. वैजनाथचाही हाच आजार, पण सोलापुरात जांघेतल्या शिरेतून काळजापर्यंत नळी घालून त्यानं इलाज करून घेतला होता.

"पाव्हणं, तुमी सावलीला बसा निवांत," म्हणत तो तरातरा चढला.

हे शब्द कोंडीरामला महिनाभर सलत राहिले. 'काळजात नळी घालायची न्हाय' म्हणून आजवर अडून बसलेला माणूस स्वतःहून दवाखान्यात गेला.

डॉक्टर म्हणाले, "जुन्या पद्धतीत ठोके बिघडवणारी आतली जागा उष्णतेनं डागतात. नव्या पद्धतीत त्याच जागेला विजेचे झटके देतात, शेजारच्या भागांना इजा कमी. पण दोन्हींत आजार पुन्हा उलटू शकतो."

"वैजनाथला नवंच केलंय म्हणं. मलाबी तेच करा. पुढल्या चैतात डोंगर चढता यील का?"

"बहुधा. खात्री कुणी देणार नाही."

"इतकं भ्यायचात, आता धीर कुठनं आला?" मथुराबाईनं विचारलं.

"तूच दिलास की नारळ त्याच्या हातात," कोंडीराम म्हणाला. "पुढल्या साली चपला राखायला त्यालाच बसवतो सावलीला."