खालच्या खोलीतली गाडी

टर्नरकाकांच्या घराला दोन मजले होते आणि त्यातला चांगला मजला गाडीकडे होता.

वर दोन लहान खोल्या आणि स्वयंपाकघर, दुपारी तव्यासारखं तापणारं. तिथवर पोचायला बाहेरून एक उभा लोखंडी जिना. खाली एकच खोली, पण ऐसपैस, गार, रस्त्याला लागून, मागे न्हाणीघर. तिला दोन झडपांचं रुंद दार होतं. या खोलीत गाडी राहायची आणि माणसं वर.

काकांचा जन्म पंपांच्या कारखान्यात लेथवर, टर्नर म्हणून गेला. फिरता दांडा जरा जरी झिजला तरी नुसतं बोट लावून सांगायचे. कारखाना बंद पडला तेव्हा गोदामात ताडपत्रीखाली ही गाडी निघाली. दोनच माणसांची, बिनछपराची, लांबलचक नाकाची स्पोर्ट्स कार. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, आणि बुडण्याआधी तिने असल्या गाड्या मोजक्याच काढलेल्या. मालकाच्या थोरल्या भावाने हौसेने आणली, झाडावर घातली, आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही. मालक म्हणाले, "भंगारवाला उद्या येतोय. त्याच्याआधी नेणार असाल तर न्या."

काकांनी चार जण गोळा केले आणि ती ढकलत घरी आणली. काकूंनी वरच्या कठड्यावरून पाहिलं.

"सवत आणलीत?" त्या म्हणाल्या. "आणलीत ती आणलीत, निदान हातपाय धड असलेली तरी आणायची!"

गल्ली पोट धरून हसली. काकाही हसले. तेव्हा काकूंचे गुडघे चांगले होते, त्यामुळे हसणं सोपं होतं.

पुढे गाडीने काकांचा ताबाच घेतला. बाजारात तिचा एक भाग मिळेल तर शपथ. मग काकांनी जुना लेथ घेऊन कोपऱ्यात बसवला आणि एकेक भाग स्वतः करायला घेतला. पाण्याच्या पंपाचा दांडा केला, बुश केले, पितळेच्या मुठी केल्या. एका डेंटरने चेपलेलं नाक ठोकून ठोकून सरळ केलं. काकांचा जुना दोस्त रंगारी, म्हणजे गाड्यांना फवारा मारणारा, त्याने तिला गडद हिरवा रंग दिला आणि वर पदरचं ज्ञानही दिलं. वर्षं गेली. येणारे-जाणारे दारात डोकावून विचारत, "काका, आधी गाडी निघणार की तुम्ही?" काका म्हणत, "ज्याचं काम आधी पूर्ण होईल तो."

मग काकूंचे गुडघे गेले. एकदम नाही, जिना चढताना आधी एक हात कठड्याला, मग दोन्ही हात, मग मध्येच थांबणं. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "जिना बंद करा." काकू म्हणाल्या, "बंद केला तर मी वरच अडकेन की हो!" डॉक्टर हसले आणि लवचीक पट्टी लिहून दिली. रात्री काकू ती सोडत आणि सकाळी पुन्हा गुंडाळत. सैल झाली की नवी आणत.

काकांना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्यांनी काकूंना शब्द दिला. "इंजिन चालू झालं की गाडी रंगाऱ्याच्या शेडमध्ये. खालची खोली तुझी. ओटासुद्धा खालीच घालू. तुला जिन्याचं तोंड बघायला नको."

"आत्ताच न्या की तिकडे."

"अगं, उघडलेली गाडी कशी नेऊ? दहा हात लागतात तिथे. एकेक भाग गायब होईल."

हे खरं होतं. त्या वेळी खरं होतं.

एकदा काकू बहिणीकडे गेल्या होत्या. ऐन दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. काकांनी नेहमीसारखी किल्ली फिरवली, अपेक्षा न ठेवता, आणि इंजिनाने धरलं. दोनदा खोकलं आणि मग असं एकसुरात चालू राहिलं की खिडकीची तावदानं थरथरली. काका आत बसले होते, हात चाकावर. रडू येतंय की हसू, त्यांनाच कळेना. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते पायाखाली चालत होतं.

आणि लगेच दुसरा विचार आला. आता ही जाणार.

उद्या सकाळी जिना उतरायचा तो कशासाठी? खाली काकूंचा पलंग असेल, ओटा असेल, कुकरच्या शिट्ट्या असतील. आपण खुर्चीवर बसून पेपर वाचायचा, आणि तो संपला की पुन्हा वाचायचा. समोरचे रिटायर्ड पोस्टमास्तर वाचतात तसा.  काकांनी इंजिन बंद केलं, पाना घेतला आणि इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटरच खोलून काढला. मनाशी म्हणाले, दोन दिवस. दोन दिवस फक्त.

काकू परतल्यावर पहिलाच प्रश्न: "काय म्हणतेय सवत?"

"कार्बोरेटर गेला," काका म्हणाले. "मिळायला हवा आता."

एवढं साधं वाक्य. पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते आपल्या आधी घरोघर पोचतं. रंगाऱ्याने ओळखीच्यांना निरोप धाडले. जावई तर बिचारा सुट्टीच्या दिवशी भंगारबाजार पालथे घालायला लागला. आपल्या सासऱ्यासाठी कधी नव्हे ते काही करतोय याचा त्याला कोण अभिमान! चहा घेताना तो म्हणायचा, "बाबा, सोडायचं नाही. शोधून काढणारच." आणि कार्बोरेटर होता वरच्याच खोलीत, जादा पांघरुणांच्या लोखंडी पेटीत, तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. खाली ठेवायची सोय नव्हती, कारण रंगारी आला की नाक खुपसल्याशिवाय राहत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा ज्याच्या काखेत तोच गावाला वळसा घालायला लावत होता.

दोन दिवसांचे दोन महिने झाले आणि महिन्यांची वर्षं. काका मनाने वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. वाईट असते तर निवांत झोपले असते. ते रोज ठरवायचे, या आठवड्यात बसवून टाकू. आणि रोज गाडी पुसायचे, इंजिन हाताने थोडं फिरवून ठेवायचे, बॅटरी भरून ठेवायचे. ती तयार होती हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

सगळ्यात वाईट होता जिन्याचा आवाज. काकू उतरायला लागल्या की लोखंड बोलायचं. एक पाऊल, मग दुसरं पाऊल त्याच पायरीवर. मध्ये थांबणं. परत एक. खाली काकांना प्रत्येक पायरी कानात टोचायची. मग ते लेथ सुरू करायचे. कामासाठी नव्हे, लेथमध्ये बऱ्याचदा काही लावलेलंही नसायचं. नुसती घरघर, म्हणजे जिना ऐकू येणार नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, काका कान मिटून घेत होते.

त्या सकाळीही लेथ चालू होता. काकू भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. मधल्या वळणावर गुडघा दगा देऊन गेला. पोस्टमास्तर समोरून ओरडत आले, त्यांनी दारावर थापा मारल्या, तेव्हा काकांना कळलं. बाहेर काकू जिन्याच्या पायथ्याशी पडलेल्या, टोमॅटो रस्ताभर. त्या ओरडल्या होत्या. पोस्टमास्तरांना बंद खिडकीतून ऐकू आलं होतं. काकांना भिंतीपलीकडून नाही.

उचलून रिक्षात ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "लेथ बंद करा आधी. मोकळाच फिरतोय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आता जिना कायमचा विसरा. काका मान हलवत राहिले. लेक धावत आली होती. ती आईच्या उशाशी बसून काही बोलली नाही, पण दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन बोलली.

"बाबा, आई खालीच राहणार. ती येईपर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे. गाडी चालत नसेल तर क्रेन बोलवा, नाहीतर तोडून बाहेर काढा. मला काही सांगू नका."

"क्रेन नको," काका म्हणाले. "निघेल ती."

"कशी निघेल? कार्बोरेटर कुठेय?"

काका तिच्याकडे बघू शकले नाहीत. "बघतो काहीतरी," म्हणाले.

घरी येऊन ते वर गेले. पेटी उघडली. एकेक पांघरूण काढून पलंगावर ठेवलं. तळाशी हात घातला, तर हाताला कागद लागला नाही. मऊ काहीतरी लागलं.

त्यांनी ते उजेडात आणलं. कार्बोरेटर लवचीक पट्टीत गुंडाळलेला होता. धुऊन धुऊन सैल झालेली, कडेला सुटलेली, काकूंच्या गुडघ्याची जुनी पट्टी. नीट एकावर एक वेढे, शेवट आत खोचलेला, काकू गुडघ्याला खोचत तसाच. काकांनी वेढे सोडवले. हवेच्या तोंडात आणि पेट्रोलच्या नळीत कापडाचे छोटे बोळे कोंबलेले होते, धूळ जाऊ नये म्हणून. सुटा भाग ठेवताना काका स्वतः असेच बोळे घालायचे. हा लपवताना मात्र घाईत घातले नव्हते.

पांघरुणांच्या ढिगाशेजारी ते बसले. चोरी पकडली गेली की माणसाला आधी राग येतो, निदान लाज तरी वाटते. काकांना वाटली ती भीती. बायको हे जाणून होती. जाणून रोज चढत होती आणि रोज उतरत होती, आणि खाली लेथ मोकळा फिरत होता.

कार्बोरेटर बसवायला फार वेळ लागला नाही. गाडीने पहिल्याच किल्लीला धरलं. गल्ली गोळा झाली, टाळ्या पडल्या, जावयाने तर शिट्टी मारली. "बाबा, कुठे मिळाला शेवटी?"

"घरातच होता," काका म्हणाले. जावयाला ती गंमत वाटली आणि तो मोठ्याने हसला.

शेड गावाबाहेर होती. रस्ता मोकळा, गाडी अशी पळत होती की जणू कधी थांबलीच नव्हती. आणि काकांना आनंद झाला. हे त्यांना सहन झालं नाही. बायको दवाखान्यात पडलेली, आणि यांचे हात चाकावर खूश, पाय खूश, वारा तोंडावर. बाजूची सीट रिकामी होती. पहिल्यांदा तूच बसशील, असं ते काकूंना कितीदा तरी म्हणाले होते. इतक्या खाली असलेल्या सीटवर आता ती कधीच बसू शकणार नव्हती. शेडमध्ये गाडी उभी करून त्यांनी किल्ली रंगाऱ्याच्या हातात दिली आणि गाडीकडे न बघता बसने परत आले.

काकू घरी आल्या तेव्हा खालच्या खोलीत पलंग होता. फरशीवरचा तेलाचा डाग काकांनी घासघासून पुसट केला होता, पण गेला नव्हता. ओटा व्हायचा होता, चूल अजून वरच होती. काकूंनी चारी भिंती बघितल्या.

"गार आहे हो खोली," त्या म्हणाल्या. "सवतीने ऐश केली."

लेक औषधं आणायला गेली. काकांनी खिशातून पट्टी काढली. धुऊन, घडी करून ठेवलेली. ती त्यांनी पलंगाच्या कडेवर ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"ठेवलंत त्याच थंडीत. पांघरुणांना पेट्रोलचा वास येतो का हो कधी?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू. तुमचं तुम्हाला कधी सुचतंय." काकूंचा आवाज चढला नव्हता. भाजी महाग झाली म्हणावं तसं त्या म्हणत होत्या. "पहिलं वर्ष राग होता. मग रागाचाही कंटाळा आला. मग नुसतीच वाट बघत होते." त्यांनी मान वळवून काकांकडे पाहिलं. "खरं सांगा. मी पडले नसते, तर काढला असतात तो बाहेर?"

काकांनी तोंड उघडलं. रोजचं ते वाक्य, या आठवड्यात बसवणारच होतो, जिभेवर आलंही. पण पलंगावर ती पट्टी होती. त्यांनी तोंड मिटलं.

"कळलं," काकू म्हणाल्या. "जा, चहा आणा. साखर कमी."

काका वर गेले. चहा केला, दोन्ही कप ताटलीत ठेवून उतरायला लागले. ताटली एका हातात, त्यामुळे दुसऱ्या हाताने कठडा धरावा लागला. एरवी ते कधी धरत नसत. मधल्या वळणावर हाताला काहीतरी वेगळं लागलं आणि बोटं आपोआप थांबली.

वरपासून खालपर्यंत कठड्याचा रंग शाबूत होता, पण इथे वीतभर जागेत तो पार गेला होता. खालचं लोखंड उघडं पडून गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. इथे कुणीतरी रोज थांबत होतं, दोन्ही हातांनी धरून, पूर्ण भार टाकून. किती काळ, हे काकांच्या बोटांना लगेच कळलं. ती त्यांची विद्याच होती. रोज ते याच जिन्याने चार-चारदा गेले होते.

ते तिथेच उभे राहिले.

"अहो," खालून हाक आली, "चहा गार होईल."