गुरुवारी डॉक्टर मासे पकडायला गेले

डल्सी हॅलरनबाई खाटकाच्या दुकानात शिरल्या की वॉलीचे कान लाल होतात. एवढा दांडगा गडी, अख्खं मेंढरू खांद्यावर टाकून चालतो, पण बाईंनी नुसतं “काय वॉली, बरा आहेस ना?” म्हटलं की मान खाली घालून चॉप्स बांधायला लागतो, आणि मागितल्यापेक्षा जास्तच बांधतो. एकट्या वॉलीचं नाही हे. यारंगल गावातल्या पंचविशी ओलांडलेल्या यच्चयावत पुरुषांची बाईंसमोर हीच गत.

कारण उघड आहे. बाई आमच्या छोट्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डाच्या नर्स. आणि त्या काळी आमच्याकडे मुलगा झाला की त्याची सुंता व्हायची म्हणजे व्हायचीच. धर्माबिर्माचा काही संबंध नाही. नाताळखेरीज चर्चच्या पायरीला न शिवणाऱ्यांच्या घरीही व्हायची. का करायची, असं विचारायची पद्धतच नव्हती. नाळ कापायची, वजन करायचं, आणि येत्या गुरुवारी तेवढं उरकून टाकायचं. गुरुवारी, कारण शुक्रवारी डॉक्टर पेनरोझ गोल्फ खेळायचे. डॉक्टर कापायचे आणि बाळाचे पाय धरायच्या डल्सीबाई. ओठांतल्या ओठांत गुणगुणत, साखरपाण्यात बुडवलेली चिंधी बाळाच्या तोंडात देत, पण धरायच्या मात्र अशा घट्ट की काय बिशाद पाय हलेल!

मग बाळाला गुंडाळून त्याच्या आईकडे न्यायच्या आणि सांगायच्या, “झालं हो. वाघाचं काळीज आहे पोराचं. हूं की चूं केलं नाही.”

धादांत खोटं. असलं पोर बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळीच्या सगळी पोरं इस्पितळ डोक्यावर घ्यायची.

अजूनही बाईंच्या जिभेला हाड नाही. परवा कौन्सिलच्या सभेत आमचे अध्यक्ष टेड बॅरोमन रंगात आले होते. “मी आयुष्यात कधी कोणापुढे रडगाणं गायलो नाही!” असं टेबलावर मूठ आपटून म्हणाले. बाई मागच्या रांगेत विणत बसल्या होत्या. विणकामातून डोकं वर न काढता म्हणाल्या, “टेड, ते मला नको सांगूस. मी होते तिथे.” झालं! पुढची सभा कोणाला आठवत नाही.

पेनरोझ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण आली. तिला एक वाईट खोड होती. ती विचारायची. “करायचंय? बरं. कशासाठी?” मग बायकोने नवऱ्याकडे बघावं आणि नवऱ्याने छताकडे. “माझं झालंय म्हणून,” यापलीकडे एकाही बाप्याला उत्तर सुचेना. बघता बघता गुरुवार रिकामे जायला लागले. बाई सवयीने अवजारांचा ट्रे मांडायच्या आणि तसाच उचलून ठेवायच्या. शेवटी तो स्टीलचा ट्रे स्वयंपाकघरात गेला आणि त्यातून चहाबरोबरची बिस्किटं फिरायला लागली. नोकरी संपेपर्यंत बाईंनी त्यातलं एकही बिस्किट तोंडात घातलं नाही. वजन वाढतं म्हणायच्या. केकच्या वेळी मात्र हे वजन कुठे जायचं कोण जाणे.

आता यातली गंमत बघा. जिने गावभरच्या पोरांचे पाय धरले, तिच्या एकुलत्या एका पोराचं, नेव्हिलचं, झालंच नव्हतं!

हे गावाला कळलं फुटबॉल क्लबात. खेळून आल्यावर सगळी पोरं एकाच न्हाणीत. त्यात हा सिस्टर हॅलरनचा लेक, आणि टोपीसकट! पोरांना आयतंच सापडलं. त्या दिवसापासून नेव्हचं नाव पडलं टोपी. टोपी, बॉल टाक. टोपी, बिअर आण. पुढे त्याने टायरचं दुकान टाकलं, तर गिऱ्हाईकही हाक मारायचं, “ए टोपी, हवा भर.” बिचाऱ्याने मग शक्कल काढली. रुंद काठाची फेल्टची हॅट घेतली आणि बारा महिने डोक्यावर ठेवायला लागला, म्हणजे नवख्या माणसाला वाटावं, नाव त्यावरून पडलंय. बायको जनीन समुद्राकडची. तिला लग्नानंतर वर्षभर तसंच वाटत होतं. खरं कळलं तेव्हा ती भांडी विसळताविसळता खालीच बसली, हसून हसून उठता येईना.

नेव्ह हसत नसे. लहानपणापासून त्याचा आईला एकच प्रश्न. “आई, सगळ्यांचं केलंस. माझंच कसं राहिलं गं?”

आणि आईचं एकच उत्तर. “डॉक्टर त्या गुरुवारी मासे पकडायला गेले होते.”

“आणि पुढच्या गुरुवारी?”

“तुला सर्दी झाली होती. जा, कोंबड्यांना दाणे टाक.”

यंदा शरदात नेव्हला मुलगा झाला. कॅलम. डोक्यावर तांबूस लव, आणि आवाज थेट आजीवर गेलेला. नेव्ह हरखून गेला, पण दुसऱ्याच दिवशी त्याने जाहीर केलं की पोराचं ते काम करून घ्यायचं म्हणजे घ्यायचंच. आमच्या इस्पितळात आता कोणी करत नाही. नेव्हने फोन करकरून डबो शहरातला एक डॉक्टर हुडकला आणि वेळही ठरवून टाकली. पुढच्या गुरुवारची.

“मी जे भोगलंय ते याच्या वाट्याला नको,” तो म्हणाला. “चारचौघांसारखा दिसला पाहिजे.”

“अरे कुठल्या चारचौघांसारखा?” जनीन म्हणाली. “माझ्या तिन्ही बहिणींच्या मुलांना बघ. एकाचंही केलेलं नाही. आता केलेलाच वेगळा दिसेल, आणि त्यालाच नाव पडेल!”

नेव्हला हे पटेना. त्याचे चारचौघे म्हणजे वॉली आणि टेड आणि क्लबातली ती जुनी पलटण. शेवटी जनीन वैतागली आणि म्हणाली, “हे बघ, मी काही त्याचे पाय धरायला येणार नाही. तुझ्या आईला विचार. तिने जन्मभर हेच केलंय. डल्सी जर म्हणाली की मी धरते, तर मी सही करते. मग माझी ना नाही.”

म्हणजे सगळं येऊन पडलं बाईंवर. नातवाचे पाय धरायचे की नाही, एवढंच.

नेव्हने विचारलं तेव्हा बाई वाटाणे सोलत होत्या. एरवी तोंडाचा पट्टा चालणारी ही बाई, पण त्या दिवशी नुसती शेंगा मोडत राहिली. “बघू,” म्हणाली. “गुरुवारपर्यंत डॉक्टर कुठे मासे पकडायला गेले नाहीत म्हणजे मिळवली.” नेव्हला वाटलं, होकारच आहे.

आता नेव्हच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. बुधवारी तो मोटारीचं टायर बदलून द्यायला म्हणून म्हाताऱ्या पेनरोझकडे गेला आणि बोलता बोलता म्हणाला, “डॉक्टर, तेव्हा तुम्ही मासे पकडायला गेला नसतात ना, तर माझं हे टोपीपुराण झालंच नसतं.”

पेनरोझनी चष्मा काढून पुसला. “मासे? मी? मला डोक्यासकट मासा ताटात दिसला तरी मळमळतं. मी उभ्या आयुष्यात गळ हातात धरला नाही, बाबा. तुझ्या आईलाच विचार.”

नेव्ह तिथून जो निघाला तो तडक आईच्या स्वयंपाकघरात. जनीन तिथेच होती, बाळ टोपलीत झोपलं होतं. हॅट न काढताच तो बोलायला लागला.

“डॉक्टर कधीच मासे पकडायला गेले नव्हते, आई.”

बाईंनी किटली गॅसवरून उतरवली.

“इतकी वर्षं थापा मारलीस. खरं काय ते मला माहितेय. तू विसरलीस मला. गावभरच्या पोरांकडे बघायला वेळ होता तुला, आणि घरचं पोर राहून गेलं. हसतात मला त्याचं काही नाही गं. पण तुझ्या लक्षातच नव्हतो मी, हे...” आणि टायरच्या दुकानाचा हा मालक, चांगला पस्तिशीतला बाप्या, त्याचा आवाज चिरकला.

जनीन म्हणाली, “नेव्ह, अरे...”

“थांब, जनीन,” बाई म्हणाल्या. “उद्या जायचंय ना डबोला? माझे हात आता थरथरतात. नेव्ह, धरायचं तुलाच आहे. ये, शिकवते.”

त्यांनी टेबलावरची कपबशी बाजूला केली, टॉवेल अंथरला आणि कॅलमला टोपलीतून उचलून त्यावर ठेवलं. बाळाने डोळे किलकिले करून बापाकडे बघितलं.

“हं. एका हाताने हा पाय, दुसऱ्या हाताने तो. गुडघ्यापाशी. असा. आता खाली दाब. अरे, पीठ मळतोयस का? घट्ट धर. सुटला तर कापायचं ते भलतीकडेच कापलं जाईल.”

नेव्हने धरले. बाई त्याच्या बाजूला उभ्या राहून ते जुनं गुणगुणायला लागल्या. बाळाला आधी गंमत वाटली. मग पाय हलवून बघितले, हलेनात. पुन्हा बघितले. खालचा ओठ पुढे आला. आणि मग जो टाहो फोडला, बापाच्या डोळ्यांत बघून, की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या.

नेव्हने हात काढून घेतले.

“सोडलेस?” बाई म्हणाल्या. “अजून डॉक्टर खोलीतही आले नाहीत. धर पुन्हा.”

नेव्हने हात पुढे केले आणि मागे घेतले. “तो माझ्याकडे बघतोय गं.”

“बघतातच. धर.”

“नाही धरवत मला.”

“मलाही नाही धरवलं,” बाई म्हणाल्या.

जनीनने बाळाला उचलून छातीशी घेतलं. त्या रडण्यावरच बाई बोलत राहिल्या, कोणाकडे न बघता.

“विसरले नव्हते रे. बाळंतीण होते तरी हाताला सवय, झग्यातच उठून ट्रे मांडला मी. तुला टेबलावर ठेवलं, पाय धरले. तू बघितलंस. तुला उचललं आणि कपडे धुवायच्या खोलीतून मागच्या दाराने बाहेर पडले. दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यांच्या आड जाऊन उभी राहिले. पेनरोझ आतून हाका मारत होते, डल्सी, डल्सी. शेवटी त्यांचा चहा गार झाला तेव्हा ते निघून गेले.”

“मग बाकीच्यांचे?” नेव्हने हळूच विचारलं. “वॉलीचा धाकटा भाऊ माझ्यानंतरचा. टेडचा भाचा. त्यांचे धरलेसच की.”

“धरले. रजा संपली आणि कामावर गेले आणि धरले. कितीतरी वर्षं धरले.” बाई खुर्चीत बसल्या. “ते माझे नव्हते ना. त्यांच्या आया भिंतीपलीकडे असायच्या, आणि मी जाऊन सांगायचे, हूं की चूं केलं नाही. लाज वाटते ती त्याची, नेव्ह. तुझ्या टोपीची मला कधीच वाटली नाही.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं आम्हां यारंगलवाल्यांनी कधी पाहिलेलं नाही. नेव्हने पाहिलं. त्याने डोक्यावरची हॅट काढली, टेबलावर टॉवेलशेजारी ठेवली, आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन नुसता तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभा राहिला. कॅलमचं रडणं थांबून उचक्या लागल्या होत्या.

बऱ्याच वेळाने नेव्हने भिंतीवरचा फोन उचलून डबोचा नंबर फिरवला.

“हॅलरन बोलतोय. उद्याची गुरुवारची वेळ होती आमची, ती रद्द करा... नाही नाही, पुढच्या गुरुवारीही नको.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. नेव्हने आईकडे बघितलं. “कारण? कारण असं लिहा, की आम्ही सगळे मासे पकडायला गेलोय.”