वाटीतला तुकडा

माझं कोणाला खरंच वाटत नाही. पनवेलच्या मासळी बाजारात माझा ओटा आहे, आईच्या वेळेपासूनचा. मासे विकणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नसतं, असं मी देवळात सांगितलं तर लोक हसले. लग्नात सांगितलं, तिथेही हसले. मी चौथी शिकलेली, त्यामुळे मी काही बोलले की लोकांना गंमतच वाटते. मग मी वाद घालायचं सोडून किस्से सांगायला लागले. बाजारात बसलं की किस्से खवल्यांसारखे अंगाला चिकटतात. घरी जाऊन आंघोळ केली तरी एखादा केसात सापडतोच.

*

खांदा कॉलनीच्या एक मॅडम माझं जुनं गिऱ्हाईक. सुरमई निवडता निवडता म्हणाल्या, "तुमची मज्जा आहे मावशी. रोज फ्रेश फिश!"

मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या घरांत तुकडे पुरुषांच्या ताटात जातात, मग पोरांच्या. बाई शेवटी बसते, तेव्हा टोपात कालवण असतं आणि कालवणात फक्त वास असतो. मी स्वतः अख्खं पापलेट पहिल्यांदा खाल्लं ते नवऱ्याचं तेरावं झाल्यावर. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "म्हणजे भाव कमी नाही करणार तर."

*

माझ्या शेजारचा ओटा शेवंतीचा. तिचा नवरा बाळाराम पूर्वी होडीवर जायचा, आता घरी बसून गुडघे चोळतो. मुलगा दिनेश कळंबोलीला लोखंड बाजारात कामाला. सून वैशाली, शेवंतीबरोबर ओट्यावर बसायची. आणि एक मांजर होती, चंपी.

एके दिवशी चंपी शेवंतीच्या मागोमाग बाजारात आली ती परत गेलीच नाही. माझ्या ओट्याखाली मुक्काम ठोकला. शेवंतीनं दोनदा पिशवीत घालून घरी नेली, दोनदा ती परत आली. शेवंतीला फार लागलं. म्हणाली, "घरचं मांजर असं कसं जाईल गो?"

मी म्हटलं, "तुझ्या घरी पुरुष काटेपण चोखून ठेवतात. तिनं खावं काय?"

मांजराला चार पाय होते म्हणून ती निघून आली. वैशालीला सहावा महिना लागला होता.

*

वैशाली ओट्यावर बसल्या बसल्या चक्कर येऊन मांदेलीच्या पाटीत पडली. मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, सात निघालं. डॉक्टर नवीन होता. त्यानं कागद पाहिला, तिच्या हातावरचे खवले पाहिले आणि म्हणाला, रिपोर्ट बदलला असणार. मासे विकणारी बाई आणि रक्त सात? शक्यच नाही.

म्हणून खात्री करायला परत सुई टोचली. होतं त्यातलंही थोडं काढून घेतलं!

परत सातच. मग मात्र डॉक्टर गंभीर झाला. असंच राहिलं तर बाळंतपण इथे करणार नाही, मुंबईला पाठवावं लागेल, आणि वाटेत काही झालं तर आई आणि बाळ दोघांचंही सांगता येत नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. रक्ताच्या गोळ्या दिल्या. आणि जाता जाता वैशालीला म्हणाला, "रोज मासे खात जा."

वैशाली इतकी हसली की तिला परत चक्कर आली.

*

त्या गोळ्या शेवंतीनं काढून घेतल्या. कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की त्यानं मूल काळं होतं. पण औषध टाकवेना, म्हणून बाळारामला चालू केल्या. ताकदीच्या आहेत, गुडघ्यांना बऱ्या पडतील.

थोड्याच दिवसांत बाळाराम सकाळी परसाकडून आला तो पांढराफटक. बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, माझं आतून सगळं जळलं, काळंकुट्ट होतंय, मी काय आता राहत नाय. घरात रडारड. दिनेशनं कामावर खाडा केला. बाळारामनं शेवटची इच्छा सांगितली, जिताड्याची. आमच्याकडे जिताडा म्हणजे माशांतला राजा, तो जावयाला करायचा. शेवंतीनं कुठून कुठून मिळवून केला. मरणाऱ्या माणसानं तो एकट्यानं संपवला. वैशालीनं वारा घातला.

दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. मीही गेले, असं कोणी सोडतं का? डॉक्टरनं पोट दाबलं, जीभ पाहिली, मग विचारलं, "काका, आयर्नच्या गोळ्या वगैरे घेता का?"

बाळाराम म्हणाला, "घेतो ना. सुनेच्या."

*

डॉक्टरनं बाप आणि लेक दोघांना उभं करून झापलं. गोळ्या तिच्या तिलाच, आणि रोज एक माशाचा तुकडा तिला मिळालाच पाहिजे. बाळारामच्या मनाला ते लागलं असावं. घरी येऊन त्यानं हुकूम काढला, की आजपासून सुनेचा तुकडा आधी वेगळा काढायचा. स्टीलची वाटी, वर ताटली, फळीवर. कोणी हात लावायचा नाही. गल्लीभर सांगत सुटला. लोक म्हणाले, सासरा असावा तर असा.

वाटी रोज फळीवर जायची, हे मी स्वतः पाहिलंय.

*

मधे डोहाळजेवण झालं. वैशालीला फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवलं. पुढ्यात एवढं मोठं ताट, गोड, तिखट, तळलेलं, काय नव्हतं त्यात! सगळ्या बायका म्हणाल्या, आधी फोटो. फोटो होईपर्यंत शेवंतीचा जावई तळोज्याहून आला, कंपनीत रात्रपाळी करून, तसाच उपाशी. पंगत उठलेली, भांडी घासायला गेलेली. जावयाला थांबवायचं कसं?

वैशालीला नंतर वरणभात मिळाला. तो फोटो फ्रेम करून त्यांच्या भिंतीवर लावलाय. नीट बघा. ताट तिच्या पुढ्यात आहे, आणि डाव्या कोपऱ्यातून जावयाचा हात आत आलाय.

*

मी शेवंतीला धरलं. म्हटलं, तू स्वतः शेवटचा तुकडा कधी खाल्लास ते सांग. ती विचारात पडली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तिनं हलवा मासा कापून दिला, हात धुतले, आणि मग म्हणाली, "दिनेशच्या वेळेला. बाळंतीण होते तवा. बोंबील."

मी म्हटलं, "बघ, दिला होता ना तुला?"

"भाजताना मोडला होता," शेवंती म्हणाली. "पुरुषांच्या ताटात कसा वाढायचा?"

मी माझे मासे कापत बसले.

*

शेवटी बाजारातल्या आम्हा बायकांनी ठरवलं. शेवंती दुपारी स्वयंपाकाला घरी जायची, वैशाली संध्याकाळपर्यंत ओट्यावर असायची. तेवढ्या वेळात एकेकीनं पाळीनं एक तुकडा द्यायचा, बाहेर पोळीभाजीची गाडी लावणारी तळून देणार. पहिल्या दिवशी सुरमईचा तुकडा दिला. वैशाली पाठ वळवून बसली, आम्हाला वाटलं लाजते.

जाताना तिच्या पिशवीतून तेल गळायला लागलं. मी पिशवी उघडली. तुकडा प्लॅस्टिकमध्ये बांधलेला.

म्हणाली, "यांना आवडते ना सुरमई."

दुसऱ्या दिवसापासून मी समोर बसायला लागले. ती गिळेपर्यंत उठायचं नाही. माझ्या हातात कोयता असायचा, मासे कापायचा. तिला काय वाटायचं ते मी विचारलं नाही. पोरीनं खाल्लं मात्र. आणि चंपी समोर बसून तिच्या हाताकडे बघायची, पण मागायची नाही. एका घरच्या ना दोघी.

*

नववा महिना लागला, परत रक्त तपासलं. दहाच्या वर. दवाखान्याच्या नर्सबाई कागद घेऊन स्वतः घरी आल्या, बाळंतपण इथेच होईल हे सांगायला. मीही रिकामी पाटी घेऊन बाजारातून तशीच गेले. चंपी वासावर माझ्या मागे मागे आली, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकीना. बाहेर पायरीवर बसली.

नर्सबाईंनी बाळारामचं फार कौतुक केलं. तुमच्यासारखे सासरे असते तर आमचं काम कमी झालं असतं, तुमच्या वाटीनं हे रक्त वाढलं. बाळारामनं मिशीवरून हात फिरवला. दिनेश ताठ बसला. शेवंतीनं फळीवरची वाटी काढून दाखवायला पुढे आणली.

तेव्हा वैशाली बोलली. त्या घरात तिला मोठ्यानं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"मी जेवायला बसते तवा ती वाटी रिकामीच असते. रोज."

शेवंतीनं ताटली उचलली. आत एक काटा होता, चोखलेला.

नर्सबाईंनी विचारलं, कोण खातं? दिनेशनं बापाकडे बघितलं. बापानं शेवंतीकडे. शेवंतीनं त्या मोडलेल्या बोंबलाची आण घेतल्यासारखी मान हलवली, आणि तिचं मला खरं वाटलं. नर्सबाईंनी परत विचारलं. दिनेश म्हणाला, मी कामावरून उशिरा येतो. बाळाराम म्हणाला, माझे गुडघे दुखतात, मी फळीपर्यंत पोचतो कसा?

"मग ताटली उचलून, तुकडा खाऊन, परत ताटली झाकून कोण ठेवतं?" नर्सबाईंचा आवाज चढला.

बाळारामनं घसा साफ केला. दाराकडे बघितलं. पायरीवरून ती त्याच्याकडेच बघत होती.

"चंपी," तो म्हणाला.