निळ्या शाईतलं वाक्य

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मला शोधनिबंध लिहायचा होता. विषय मीच निवडला: फौजेत गेलेल्या माणसांची घरी येणारी पत्रं. टिपणं काढायची माझी पद्धत मी इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरायचे. पुस्तकातलं हिरव्या पेननं, मुलाखतीतलं लाल पेननं, आणि स्वतःचे विचार निळ्यानं. दुसऱ्या आठवड्यात हिरवं पेन संपलं, लाल कुठंतरी राहिलं, आणि मग सगळं जगच माझ्या विचारांत जमा झालं.

मसुदा वाचताना माझ्या मार्गदर्शक सरांनी एका वाक्याखाली रेघ ओढली. 'पत्र यायचं एकाच्या नावानं, पण ऐकायची सगळी आळी.'

"हे छान आहे. कुणाचं?"

"माझंच, सर," मी जमेल तितक्या नम्रपणे म्हणाले.

सर दोन वर्षं माझं लेखन वाचत होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "नक्की?"

घरी येऊन वही उघडली. वाक्य निळ्या शाईत होतं. पण त्याच्या वरच्याच ओळीत, त्याच शाईत, 'उंब्रज, सुभेदार काका, चहात आलं जास्त' असंही होतं. आल्याचा विचार नक्की माझा होता. खालच्या ओळीची खात्री देता येईना.

रविवारी एसटीनं उंब्रज गाठलं. मागं मला मुलाखत दिलेले निवृत्त सुभेदार ओसरीवर पेपर वाचत होते. मी वही पुढं करून अडखळत विचारलं, "काका, हे तुम्ही म्हणाला होता का?"

ते आत गेले, डायरी घेऊन आले आणि पान काढून माझ्यापुढं धरलं. तारीख, मी आले ती वेळ, गेले ती वेळ, मी विचारलेले प्रश्न. एकच प्रश्न मी तीनदा विचारला होता, तेही. शेवटी ते वाक्य, आणि कंसात: 'हे आमच्या मंडळींचं बोलणं. चहा देताना बोलल्या. मुलीचं लक्ष नव्हतं.'

"पल्टनीतली सवय हाय," ते म्हणाले. "कोन बोललं ते लिवायचंच."

काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मागच्या खेपेला मी त्यांच्याकडून नुसता चहा घेतला होता. या वेळी ओट्याला टेकून उभी राहिले.

"मला कुठं वाचाया येत हुतं?" त्या म्हणाल्या. "पोस्टमनच दारात हुबं ऱ्हाऊन वाचायचा. समदी आळी गोळा. म्हनून ह्यांनी पत्रात कवा मायेचं काय लिवलं न्हाई. निस्तं ऊस कसा हाय, हिरीला पानी हाय का."

"वाईट नाही वाटायचं?"

"शेवटी लिवायचे, गाईला जपा." त्यांनी भाकरी उलटली. "गाय तर ह्यांनीच सुट्टीवर आल्यावर इकली हुती. मला कळायचं."

ओसरीवर पेपरचं पान जरा जोरात उलटलं गेलं. मी पेन हातात धरून तशीच उभी होते. भानावर आल्यावर म्हटलं, "काकू, पुन्हा एकदा सांगता का? लिहून घेते."

"सांगितलं की एकदा," त्या म्हणाल्या आणि जेवायला बसवलं.

तळटिपेत मी त्यांचं पूर्ण नाव, गाव, तारीख, सगळं घातलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी बाकीच्या चाळीस पानांबद्दल काहीच विचारलं नाही. त्या तळटिपेवर बोट ठेवून म्हणाल्या, "या बाईंचं वय काय?"

मी विचारलंच नव्हतं. सर खिडकीबाहेर बघू लागले.