नावं लिहून घेतली तो बुधवार

सेवेत पाहिलेली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यात असताना पकडला, हेही कधी कधी पटकन सांगता येत नाही. विचुंबे गावातल्या खोलीचं प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं. त्यात कुणाचा खून झाला नव्हता, काही चोरीला गेलं नव्हतं, गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. लोक म्हणतात, 'साहेब, एखादी केस सांगा ना,' तेव्हा मला आधी हीच आठवते आणि मी दुसरीच सांगतो. आज हीच लिहितो आहे.

निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. पनवेल भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सोमवारी हजेरी झाल्यावर टपाल समोर आलं, त्यात एक निनावी अर्ज होता. दोन पानं, टाइप केलेली, भाषा सुशिक्षित माणसाची. विचुंब्यात एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिला पाटी नाही, पडदे कायम ओढलेले असतात. दर बुधवारी दुपारी तिथे बायका एकेकट्या येतात, तासभर आत असतात आणि मान खाली घालून बाहेर पडतात. रोडपालीहून रिक्षा करूनही येतात. भाडं कोण भरतं ते कुणालाच माहीत नाही. पोलिसांनी लक्ष घालावं.

असं वाचल्यावर पोलिसाच्या मनात काय येतं ते वेगळं सांगायला नको.

मी आमच्या महिला हवालदारांना साध्या वेशात पाठवलं. त्या तासाभरात परतल्या. खोलीत चाळिशीतली एक बाई, तीन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि कपाट. बाई समुपदेशक होती. नैराश्य, भीती, घरातल्या मृत्यूचा धक्का असं काही घेऊन लोक तिच्याकडे येत. बुधवार बायकांसाठी राखलेला. औषधाची गरज दिसली तर ती डॉक्टरांकडे पाठवायची. हवालदारांना त्यात वावगं दिसलं नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी त्या बाईंना ठाण्यात बोलावलं.

"भाडं कोण भरतं?"

"काही कुटुंबं मिळून भरतात. माझं मानधनही त्यातूनच येतं."

"त्यांची नावं?"

"एकांना ओळखते. बाकीच्यांची तोंडओळख आहे, नावं मी विचारलेली नाहीत."

"तुमच्याकडे येणाऱ्यांचं रजिस्टर असेल. ते दाखवा."

"ते दाखवता येणार नाही, साहेब. कोर्टाचा आदेश आणलात तर बघू."

आवाज चढवला नव्हता तिने, पण मला राग आला. आमच्या धंद्यात पैसे देणारा आणि घेणारा दोघंही एकमेकांना नीट ओळखत नसतील, तर त्यात बहुतेक वेळा काहीतरी काळंबेरं निघतं. अशी प्रकरणं मी पाहिली होती. त्यामुळे बुधवारी मी जीप त्या खोलीसमोर उभी करायला सांगितली आणि शिपायाला म्हटलं, "येईल तिचं नाव वहीत लिहून घे."

ही आज्ञा माझी होती. शिपायाने ती पाळली, इतकंच.

त्या दुपारी पाच-सहा बायका जीप बघून कोपऱ्यावरूनच मागे वळल्या. एकच पुढे आली. उरणकडच्या खाडीकाठची, पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी. शिपायाने दुकानांसमोर तिला नाव, गाव, कामाचं कारण विचारलं. नंतर त्याने मला सांगितलं, "साहेब, ती म्हणाली, 'घरान मना रराला जागा नाय, म्हनून येतंय. लिव ते.' मग मी लिहिलं, घरात रडायला जागा नाही."

वर्षापूर्वी तिची तरुण मुलगी तापाने गेली होती. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त वहीतलं नाव बघितलं आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंच्या ओळखीचे ते 'एक' गृहस्थ स्वतःच ठाण्यात आले. नवीन पनवेलमध्ये राहणारे, बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणत. सोबत चौदा कुटुंबांची यादी आणि बँकेचं पासबुक. बहुतेक जण नोकरदार. दर महिन्याला प्रत्येकाने जमेल तेवढे पैसे एका खात्यात टाकायचे आणि मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या चार लहान संस्थांना ते द्यायचे. या खोलीची संस्था त्यातली एक. सगळं नोंदलेलं, उघड.

"या पैशांचं त्या काय करतात?" मी विचारलं.

"त्यांना गरज असेल ते."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"वर्षातून एकदा आम्ही चहाला एकत्र बसतो. त्या अडचणी सांगतात, आम्ही ऐकतो. अहवाल मागत नाही, फोटो मागत नाही. कोण बरं झालं, किती जण बरे झाले, तेही विचारत नाही."

"असं कोणी पैसे देतं का, काका? उद्या कोणी फसवलं तर?"

"माणसं बघूनच देतो. आमच्यातली दोघं आधी सहा महिने त्यांचं काम बघतात. एकदा ठरलं की मग मागे लागत नाही."

मी खोदून खोदून विचारत राहिलो. समोरचा माणूस काही लपवतो आहे असं वाटलं की मी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत तीनदा विचारत असे. तिसऱ्यांदा काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझा धाकटा भाऊ एका संस्थेत उपचाराला जात होता," ते म्हणाले. "चांगली संस्था, चांगली माणसं. सुधारत होता. त्यांना पैसे देणाऱ्यांनी पुरावा मागितला, म्हणून त्यांनी अहवालात फोटो छापला. सात-आठ जण गोल करून बसलेत, त्यात माझा भाऊ. तो कागद फिरत फिरत त्याच्या कंपनीत पोचला. त्याने तिथे जाणं सोडलं. चार महिन्यांनी त्याने गळफास घेतला."

चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "पुरावा मागणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं हो. पैसे दिले की माणूस विचारणारच. म्हणून आम्ही न विचारायचं ठरवलं."

मी त्यांचा जबाब नोंदवून घेतला. त्यांनी सही केली. जाताना म्हणाले, "काल जीप उभी होती म्हणे."

मी जबाब फायलीला लावला.

काका गेल्यावर मी तो अर्ज पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. सुरुवातीला 'बायका येतात' असं लिहिलं होतं, पण खाली वर्णन एकाच बाईचं होतं. चार वाजता येते, निळी पर्स असते, बाहेर पडताना डोळे लाल असतात. आणि ती रोडपालीहून येते हे त्या दारासमोर उभं राहणाऱ्याला कसं कळणार? ते रोडपालीपासून तिच्या मागे आलेल्यालाच कळेल. अर्जदाराला खोलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्या एका बाईशी होतं.

अर्ज करणारा माणूस परिणाम बघायला येतो, हा माझा जुना अनुभव. पुढच्या बुधवारी मी जीप पाठवली नाही. हवालदार साडीत, समोरच्या किराणा दुकानात थांबल्या. साडेतीनला एक माणूस मोटारसायकल बाजूला लावून त्या दाराकडे बघत उभा राहिला. पस्तिशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, खिशात ऑफिसचं ओळखपत्र. हवालदारांनी त्याला शांतपणे ठाण्यात आणलं.

चहा आला. त्याने घेतला नाही. मी अर्ज समोर ठेवला. त्याने नाकारलं नाही.

"सात महिने झाले, साहेब. दर बुधवारी मी ऑफिसात असताना ती बाहेर जाते. मला सांगत नाही. मी दोनदा मागे आलो. आता तर ती बाहेरच पडत नाही. दिवसभर बसून असते. जेवत नाही. म्हणजे माझं खरंच होतं ना? पोलीस आल्यावर घाबरली."

"तिथे कुठलाही गुन्हा घडत नाही," मी म्हणालो. "आमची चौकशी झाली आहे."

"मग ती तिथे कशाला जाते?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल? तुम्ही पोलीस आहात. ती तिथे काय बोलते, माझ्याबद्दल काय सांगते, एवढंच मला कळू द्या."

त्या खोलीत काय चालतं एवढं मी त्याला सांगितलं. मग विचारलं,

"तिला काही होतंय, हे तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," तो म्हणाला. "विचारायची भीती वाटत होती. दुसरं कोणी आहे म्हणाली असती तर?"

"पोलिसांना दोन पानं लिहिलीत. तिला चार ओळी लिहायला काय हरकत होती?"

हे मी त्याला बोललो खरं, पण बोलताना मलाच कसंतरी झालं. त्याने संशय घेतला होता. जीप मी पाठवली होती.

खोटी माहिती दिली म्हणून त्याच्यावर कारवाई करता आली असती. केली नाही. अर्ज दप्तरी दाखल केला. शेरा लिहिला, 'चौकशीअंती तथ्य आढळले नाही.' कागदावर प्रकरण संपलं.

प्रत्यक्षात घरमालकाने महिन्याची मुदत देऊन खोली रिकामी करायला सांगितली. पोलीस येतात अशा ठिकाणी भाडेकरू नको, असं त्याचं म्हणणं. मी जाऊन समजावलं, तो हो हो म्हणाला आणि ऐकलं नाही. त्या चौदा कुटुंबांनी जवळच्या कोन गावात दुसरी खोली घेऊन दिली. रोडपालीचा तो माणूस काही महिन्यांनी ठाण्यात आला. बायकोला तो कोनला सोडायला जायचा, कोपऱ्यावर उतरवायचा आणि निघून जायचा. "अजून सगळं सांगत नाही," म्हणाला, "पण जेवते."

मासळीवाली मात्र परत गेली नाही. समुपदेशक बाईंनी एकदाच, नाइलाजाने फोन करून मला तेवढं सांगितलं. तिच्या गोळ्या चालू होत्या, त्या तुटायला नको होत्या. मी महिला हवालदारांना तिच्या घरी पाठवलं. सासूसमोर ती त्यांच्याशी बोललीच नाही. मग मी स्वतः सुट्टीच्या दिवशी बाजारात गेलो. ठाण्याच्या साहेबाला बाजारात सगळेच ओळखत, तिनेही ओळखलं.

"काय देऊ, सायब?"

मी बोंबील घेतले. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. ती जरा पांगल्यावर मी हळू म्हणालो, "वहीतलं ते पान मी फाडून टाकलं." खरंच फाडलं होतं. सगळ्या नोकरीत सरकारी वहीचं पान मी एवढं एकदाच फाडलं.

ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी पान फारलं. गावान सगल्यांना कललंय, हिचं डोकं फिरलंय नि पोलिसान नाव हाय. ते कोन फारनार?"

पैसे घेतले, सुटे परत दिले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

नोकरीत मला विचारायचे पैसे मिळत होते. न विचारता गुन्हा उघडकीस येत नाही, हे मी आजही मानतो. पण काही प्रश्न असे असतात की ते विचारले गेले एवढ्यानेच समोरच्याचं नुकसान होतं, मग उत्तर काहीही येवो. कुठला प्रश्न तसा आहे हे आधी ओळखायला मला कुणी शिकवलं नाही, आणि मी शिकलो तेव्हा उशीर झाला होता.

निवृत्त झाल्यावर मी काकांकडे गेलो आणि त्यांच्या खात्यात पैसे टाकू लागलो. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. यंदाच्या चहाला समुपदेशक बाई आल्या होत्या. उठताना मी त्यांना बाजूला घेतलं आणि त्या मासळीवालीबद्दल विचारलं. ती पुन्हा येऊ लागली का, एवढंच.

"साहेब, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

बरोबर होतं त्यांचं. मी कप ठेवला आणि घरी आलो. येत असेल किंवा नसेल. माहीत नसताना गप्प बसायची सवय मला या वयात लावून घ्यावी लागते आहे, आणि ती अजून लागलेली नाही.